‘माझं काय चुकलं?’ : एका जुन्या प्रश्नाची गोष्ट



मागच्या महिन्यात आपल्या केंद्रावर एक ताई आल्या होत्या. बचत गटाचा हप्ता बँकेत भरायला बाजारच्या गावाला आल्या होत्या, तशाच इकडे वळल्या. पाणी प्यायल्या आणि पिशवीतून रुग्णालयाचा केसपेपर काढून माझ्यापुढे ठेवला. मुलगा चौदा वर्षांचा, नववीत. कागदावर डॉक्टरांनी चार अक्षरं लिहिली होती : एडीएचडी.

“म्हणजे याला वेड लागलंय का?” हे त्यांच्या सासूबाईंनी आधीच विचारून झालं होतं. ताईंचा प्रश्न वेगळा होता. “हा लहान होता तेव्हा मी त्याला सासूबाईंकडे ठेवून ऊसतोडीला जायची. त्यानं झालं असंल का? माझं काय चुकलं?”

मी त्यांना जमेल तसा धीर दिला, पण माझं मलाच ते उत्तर अपुरं वाटलं. मग पुस्तकं काढली, तज्ज्ञ मंडळींशी बोलले. वाचता वाचता कळलं, की हा प्रश्न या ताईंच्या आधी दोनशे वर्षं कितीतरी आयांनी विचारलाय, आणि त्याची उत्तरं काळाप्रमाणे बदलत गेलीत. आज त्या उत्तरांचीच गोष्ट सांगणार आहे.

आधी थोडक्यात, एडीएचडी म्हणजे काय. लक्ष एका जागी टिकत नाही. हातात घेतलेलं काम अर्ध्यात राहतं. वही, चप्पल, डबा सगळं हरवतं. काही मुलांचं अंग स्वस्थ बसत नाही, आणि विचार करायच्या आत तोंडातून शब्द आणि हातून कृती होऊन जाते. असं सगळीच मुलं कधी ना कधी करतात. पण लहानपणापासून, घरीही आणि शाळेतही, आणि रोजचं जगणं अडेल इतकं होत असेल, तर डॉक्टर हे नाव देतात. मेंदूच्या वाढीतला तो एक फरक आहे. बुद्धी कमी असते असं नाही. आपल्याकडे अशा पोराला वांड म्हणतात, उपद्व्यापी म्हणतात. शांत बसून खिडकीबाहेर बघणाऱ्या पोरीला वेंधळी म्हणतात. आणि दोघांच्याही नावानं बोलणी बसतात ती आईला : लाडावून ठेवलाय, वळण लावलं नाही.

ही बोलणी आपल्याच गावातली आहेत असं समजू नका. १७७५ साली जर्मनीत वायकार्ड नावाच्या डॉक्टरनं एका पुस्तकात लक्ष न टिकणाऱ्या माणसांबद्दल लिहिलं, आणि कारण म्हणून बोट दाखवलं ते मुख्यतः वाढवण्याकडे. उपाय कोणते सांगितले? आंबट दूध, थंड पाण्याची आंघोळ, पोलादाची पूड, घोड्यावर बसणं, अंधाऱ्या खोलीत एकटं ठेवणं. अंगारे-धुपारे फक्त आपल्याकडेच होते असं नाही, बघा. पुढे १७९८ मध्ये क्रायटन या स्कॉटलंडच्या डॉक्टरनं मात्र लिहिलं, की हा स्वभाव माणूस जन्मतःच घेऊन येऊ शकतो किंवा एखाद्या आजारानं येऊ शकतो. त्याच्या पुस्तकाकडे या अंगानं फारसं कुणी पाहिलं नाही. मला वाटतं, ते शब्द तेव्हाच्या आयांच्या कानावर गेले असते तर बरं झालं असतं.

मग येते एका जेवणाच्या टेबलाची गोष्ट. फ्रँकफर्ट शहरातल्या हाइनरिख हॉफमन या डॉक्टरला १८४४ च्या नाताळात आपल्या तीन वर्षांच्या मुलासाठी पुस्तक घ्यायचं होतं. दुकानातली सगळी पुस्तकं त्याला रटाळ वाटली. म्हणून त्यानं कोरी वही घेतली आणि स्वतःच चित्रं काढून त्याखाली कविता लिहिल्या. त्याचं पुस्तक झालं, गाजलं, आणि पुढच्या आवृत्त्यांत त्यानं आणखी मुलं घातली. त्यांतला एक चुळबुळ्या फिलिप. बाप म्हणतो, बघू या आज हा टेबलाशी शांत बसतो का. पोरगं खुर्चीवर मागंपुढं झुलत राहतं, तोल जातो, टेबलावरचं कापड धरतं, आणि ताटं, पाव, सूप सगळं जमिनीवर. बाप रागानं लाल.

आणि आई? त्या चित्रांत आई काही बोलत नाही. नुसती टेबलाभोवती बघत बसते. हॉफमनला आजार दाखवायचा होता की नुसती गंमत करायची होती, यावर जाणकारांत वाद आहे. पण मी ती चित्रं बघितली तेव्हा माझी नजर त्या आईवरच अडकली. सांडलेलं कोण पुसणार हे तिला ठाऊक असणार.

१९०२ साली लंडनमध्ये जॉर्ज स्टिल या बालरोगतज्ज्ञानं मोठ्या डॉक्टरांच्या संस्थेत तीन व्याख्यानं दिली. त्यानं वीस मुलांची माहिती मांडली, पंधरा मुलगे आणि पाच मुली. बुद्धीनं बरी, पण स्वतःला आवरता न येणारी. त्यातली एक गोष्ट महत्त्वाची : चांगल्या घरात, नीट काळजी घेऊन वाढवलेल्या मुलांतही हे दिसतं, असं त्यानं सांगितलं. म्हणजे दोष वळणाचा नाही. पण त्यानं या दोषाला जे नाव दिलं ते होतं नैतिक संयमाचा अभाव. एका हातानं आईवरचा ठपका काढला आणि दुसऱ्या हातानं पोरावर ठेवला.

आता एका बापाची गोष्ट. अमेरिकेत ऱ्होड आयलंड राज्यात जॉर्ज ब्रॅडली नावाचे गृहस्थ होते. टेलिफोन नवा निघाला तेव्हा त्या धंद्यात पैसे घालून श्रीमंत झालेले. त्यांना एकच मुलगी, एमा. सात वर्षांची असताना तिला मेंदूज्वर झाला आणि ती कायमची अपंग झाली. तिच्यासाठी त्यांनी जे करता येईल ते केलं, पण अशा मुलांसाठी दवाखानाच नव्हता. शेवटी त्यांनी मृत्युपत्रात लिहून ठेवलं, की आपल्या पैशातून अशा मुलांसाठी एक घर व्हावं. १९३१ मध्ये ते सुरू झालं, एमाच्या नावानं. मुलांच्या मनाच्या आणि मेंदूच्या आजारांसाठी काढलेलं अमेरिकेतलं ते पहिलं रुग्णालय मानतात.

त्याच घराण्यातले डॉक्टर चार्ल्स ब्रॅडली तिथं काम करत होते. तेव्हा मेंदूचा एक्स-रे काढण्यासाठी मणक्यातून पाणी काढत, त्यानं मुलांचं डोकं भयंकर दुखायचं. त्यावर उपाय म्हणून ब्रॅडलींनी बेन्झेड्रिन नावाचं उत्तेजक औषध देऊन पाहिलं. डोकेदुखीत विशेष फरक पडला नाही, पण शिक्षक सांगू लागले, की मुलं अभ्यास करायला लागलीत. १९३७ मध्ये त्यांनी पाच ते चौदा वर्षांच्या तीस मुलांवरचा अनुभव छापला. चौदा मुलांमध्ये अभ्यासात डोळ्यांत भरेल असा फरक पडला होता. मुलं त्याला गणिताच्या गोळ्या म्हणायची. उत्तेजक औषधानं चंचल मूल शांत कसं होतं याचं तेव्हा सगळ्यांना कोडं पडलं. आज एवढं कळतं, की मेंदूतला जो भाग लक्षाला लगाम घालतो, त्याला ते औषध जोर देतं. बैल चांगले असले तरी कासरा ढिला असेल तर गाडी भरकटते. औषध बैलांना मारत नाही, कासरा ताणून धरते.

पुढं १९४४ साली स्वित्झर्लंडमध्ये लेआंद्रो पानिझोन या रसायनतज्ज्ञानं आणखी एक औषध तयार केलं. त्याच्या बायकोला, मार्गरिटला, सगळे रिटा म्हणत. तिनं ते घेऊन पाहिलं आणि टेनिस खेळताना बरं वाटतं म्हणाली, म्हणून औषधाचं नाव पडलं रिटालिन. जगभर चाललेलं एक औषध एका बाईच्या लाडक्या नावानं ओळखलं जातं, हे जाता जाता सांगितलं.

औषध सापडलं होतं, तरी आयांचं ओझं काही हललं नाही. उलट १९४० ते १९७० हा काळ त्यांच्यासाठी सगळ्यात वाईट गेला असं माझं मत आहे. तेव्हा मनाच्या प्रत्येक दुखण्याचं मूळ बालपणात आणि बालपणाचं मूळ आईत शोधायची रीत होती. १९४८ मध्ये तर स्किझोफ्रेनिया घडवणारी आई असा शब्दच निघाला. स्वमग्न मुलांच्या आयांना फ्रीजसारख्या थंड आया म्हणायचे. १९६८ साली अमेरिकेतल्या मानसोपचार डॉक्टरांच्या मोठ्या यादीत आपल्या या आजाराचं नाव आलं, ते होतं बालपणातली अतिचंचल ‘प्रतिक्रिया’. प्रतिक्रिया कशाला? घराला, आईबापांना, असाच अर्थ लोक काढायचे.

याला पहिला मोठा धक्का दिला तो एका बापानंच. बर्नार्ड रिमलँड हे स्वमग्न मुलाचे वडील आणि स्वतः मानसशास्त्रज्ञ. १९६४ मध्ये त्यांनी पुस्तक लिहून दाखवलं, की आईच्या थंडपणाचा सिद्धांत पुराव्यावर उभाच नाही. तो लढा स्वमग्नतेचा होता, पण त्यामुळे इतर मुलांच्या पालकांनाही मान वर करता आली.

आणि मग दोन-तीन बायकांची कामं आली. कॅनडातल्या माँट्रियल शहरात व्हर्जिनिया डग्लस यांनी १९७२ मध्ये मांडलं, की या मुलांची खरी अडचण धावपळ नाही, लक्ष टिकवणं आणि स्वतःला थांबवणं ही आहे. १९८० मध्ये डॉक्टरांच्या यादीतलं नाव बदललं आणि त्यात लक्ष हा शब्द आला. १९८७ पासून एडीएचडी हे नाव चालू आहे. त्याच शहरात गॅब्रिएल वाइस आणि लिली हेक्टमन या दोघींनी अशा मुलांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. तोवर डॉक्टर सांगत, वयात आला की सुटेल. या दोघींनी १९८६ मध्ये पुस्तकच छापलं, आणि त्यात दाखवलं की पुष्कळांचं सुटत नाही. पळापळ कमी होते, पण विसरणं, अधीरपणा, अर्ध्यात सोडणं मोठेपणीही राहतं.

हे आपल्यासाठी फार मोलाचं आहे. कारण ताईंच्या मुलाचं चौदाव्या वर्षी कळलं. चौथीपर्यंत शिक्षक एकच असतो, अभ्यास थोडा असतो, हुशार पोरगं रेटून नेतं. आठवी-नववीला सहा विषय, सहा वह्या, वेगवेगळे शिक्षक, आणि सगळं उघडं पडतं. मुलींचं तर आणखी उशिरा कळतं, कारण त्या वर्गात कुणाला त्रास देत नाहीत. २०१३ पूर्वी नियम असा होता, की लक्षणं सातव्या वर्षाआधी दिसलेली असावीत. त्या वर्षी ती अट बाराव्या वर्षापर्यंत नेली. रक्ताची तपासणी किंवा फोटो काढून हा आजार ओळखता येत नाही. डॉक्टर विचारतात ते आईबापांना आणि शिक्षकांना : लहानपणी कसा होता, कधीपासून, कुठं कुठं? दोनशे वर्षं जिला कारण ठरवलं, तिचीच आठवण आज निदानाला लागते.

आता ऊसतोडीच्या प्रश्नाचं उत्तर. जुळ्या भावंडांवर जगात बरेच अभ्यास झालेत. त्यांतून दिसतं, की मुलामुलांमधल्या या फरकाचा फार मोठा वाटा, सत्तर ते ऐंशी टक्क्यांच्या आसपास, रक्तातून येतो. उंची येते तसा. एका गावी आई नव्हती म्हणून एडीएचडी होत नाही. पण घरातल्या वागण्यानं मूल त्या आजारासह कसं वाढतं यात फरक पडतो. कारण आई नाही, पण उपाय करताना आईबापांशिवाय चालत नाही. या दोन वाक्यांतलं अंतर ओलांडायला डॉक्टरांनाही बराच काळ लागला.

ते अंतर अमेरिकेतल्या ऑरेगन राज्यातल्या दोन माणसांनी कमी केलं. जेराल्ड पॅटरसन आणि त्यांचे सहकारी १९६० नंतर चक्क लोकांच्या घरी जाऊन बसायचे आणि आई काय बोलली, पोरानं काय केलं, हे मोजायचे. त्यांना एक चक्र दिसलं. आपल्या घरचंच उदाहरण देते. लाइट आली, मोटार चालू झाली. आई म्हणते, “जा रे, पाण्याची बारी दे.” पोरगं म्हणतं, “जातो.” पाच मिनिटांनी पुन्हा सांगते. आवाज चढतो. पोरगं उलट बोलतं. आई ओरडते, ते दार आपटतं. लाइट जाईल म्हणून शेवटी आईच खुरपं उचलते आणि शेतात जाते. काय झालं? ओरडलं की काम टळतं हे पोरगं शिकलं. गप्प बसलं की भांडण थांबतं हे आई शिकली. दुसऱ्या दिवशी बाप मारतो, तेव्हा पोरगं तेवढ्यापुरतं ऐकतं, म्हणून मारलं की ऐकतो हे बाप शिकला. वाईट यात कुणीच नाही. तिघंही रोज त्याच खड्ड्यात पडतात, एवढंच.

दुसऱ्या होत्या कॉन्स्टन्स हॅन्फ. त्यांनी स्वतः फार कमी छापलं, म्हणून नाव कुणाला माहीत नाही. पण आज जगभर पालकांना जे शिकवतात, त्यातलं बरंच त्यांच्या विद्यार्थ्यांनी पुढे नेलेलं आहे. त्या आईला आणि मुलाला एका खोलीत बसवायच्या, स्वतः काचेपलीकडे, आणि आईच्या कानातल्या छोट्या यंत्रातून सांगत राहायच्या. त्यांचं शिकवणं दोन टप्प्यांत होतं. पहिल्या टप्प्यात आईनं एकही हुकूम द्यायचा नाही, प्रश्न विचारायचा नाही. नुसतं मूल काय करतंय ते बघायचं आणि जे बरं दिसेल ते बोलून दाखवायचं. ते जमलं की मगच दुसरा टप्पा : काम कसं सांगायचं. एका वेळी एक, जवळ जाऊन, आणि केलं नाही तर काय होईल हे आधीच ठरवून.

पहिला टप्पा वाचून मला हसू आलं होतं. नुसतं बघायचं, यात काय शिकायचं? मग मी माझ्याच पुतण्याबरोबर करून पाहिलं. दहा मिनिटांत सात वेळा ‘हे कर’, ‘ते नको’ माझ्या तोंडातून गेलं. मोजल्यावर कळलं.

चौदा वर्षांच्या मुलाला मात्र चॉकलेटनं आणि शाबासकीनं वळवता येत नाही. १९८० नंतर आर्थर रॉबिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोठ्या मुलांसाठी वेगळी रीत बसवली. भांडणाच्या वेळी भांडणाबद्दल बोलायचं नाही. शांत वेळ बघून सगळ्यांनी बसायचं, एकच विषय घ्यायचा, समजा मोबाइल रात्री किती वाजता ठेवायचा. प्रत्येकानं उपाय सांगायचे, पोरानंही. कुणाच्याही उपायाला हसायचं नाही. एक निवडायचा, कागदावर लिहायचा, आठ दिवसांनी पुन्हा बसून बघायचं. आपल्या गटाची सभा जशी चालते तशीच ही सभा, फक्त घरातली. १९९२ मध्ये रसेल बार्कली यांनी अशा रीती तपासून पाहिल्या. एकूण भांडणं कमी झाली, पण प्रत्येक घरात मोठा फरक पडला असं नाही. हेही सांगायला हवं. कुणी तुम्हाला आठ दिवसांत मुलगा सुधारून देतो म्हणालं, तर पैसे देऊ नका.

आता एक प्रयोग सांगते, तो माझ्या मनातून जात नाही. १९९४ सालची गोष्ट, डॅनियल हूवर आणि रिचर्ड मिलिच यांचा. साखर खाल्ली की आमचा मुलगा उधळतो, असं सांगणाऱ्या आया आणि त्यांचे पाच ते सात वर्षांचे मुलगे बोलावले, पस्तीस जोड्या. सगळ्या मुलांना बिनसाखरेचं गोड पेय दिलं. निम्म्या आयांना सांगितलं, की यात भरपूर साखर आहे. त्या आयांना आपलं मूल जास्त चंचल दिसलं. त्या मुलाच्या जास्त जवळजवळ राहिल्या, त्याला जास्त बोलल्या. पोरात काहीही बदल नव्हता.

हा प्रयोग सांगून लोक आयांची टिंगल करतात. मला त्यात वेगळंच दिसतं. आईला काय सांगितलं यावर तिची नजर ठरते. निदानाच्या दिवशी आईला ‘आयुष्याचं वाटोळं झालं’ असं कुणी सांगितलं, तर ती तसंच बघणार. नुसता कागद हातात दिला आणि काहीच सांगितलं नाही, तर सासू, शेजारी आणि मोबाइल जे सांगतील ते ती धरून बसणार.

म्हणूनच पालक एकमेकांना शोधू लागले. १९८७ साली अमेरिकेतल्या फ्लोरिडात काही पालक आणि मानसतज्ज्ञ जमले आणि ‘चॅड’ नावाची संघटना निघाली. गावोगाव शाखा झाल्या. महिन्याला बसायचं, एकमेकांचं ऐकायचं, शाळेशी कसं बोलायचं ते शिकवायचं. त्यांच्यासारख्यांनी रेटा लावल्यामुळे १९९१ मध्ये तिथल्या शिक्षण खात्यानं लेखी कळवलं, की या मुलांनाही शाळेत खास मदतीचा हक्क आहे. पण १९९५ मध्ये उघड झालं, की रिटालिन बनवणारी कंपनीच या संघटनेला मोठी रक्कम देत होती, आणि फार टीका झाली. गटाच्या वहीत पैसा कुठून आला हे लिहिलेलं का असावं लागतं, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. तरी मी म्हणेन, पालकांनी एकत्र बसण्याचं काम त्यामुळे खोटं ठरत नाही.

औषध की शिकवण, हा वाद मिटवायला १९९९ मध्ये एक मोठा अभ्यास छापला गेला. सात ते नऊ वर्षांची ५७९ मुलं, चौदा महिने. चंचलपणा आणि लक्ष यांवर औषधाचा परिणाम जास्त दिसला. औषध आणि पालक-शिक्षकांना शिकवणं दोन्ही मिळालं, तिथं आईबाप आणि मुलातलं नातं अधिक सुधारलं आणि आईबापही अधिक समाधानी होते. पण तीच मुलं मोठी झाल्यावर बघितलं, तर कुणाला कोणता उपचार मिळाला होता याचा फरक उरलाच नव्हता. चौदा महिने पाणी दिलं आणि मग बंद केलं, तर ऊस कसा राहील? चालू ठेवावं लागतं, आणि वयाप्रमाणे बदलावं लागतं.

आपल्याकडचं बोलायचं तर मुंबईत टाटांच्या समाजकार्य शिक्षणाच्या संस्थेत १९३७ साली देशातलं पहिलं बाल मार्गदर्शन केंद्र सुरू झालं. ब्रॅडलींनी गणिताच्या गोळ्यांचं लिहिलं त्याच वर्षी. पण अशी केंद्रं शहरातच वाढली. खेड्याकडे ही गोष्ट यायला २०१३ उजाडलं. त्या वर्षीच्या फेब्रुवारीत पालघरला, तेव्हा तो ठाणे जिल्हा होता, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला. अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत एकदा जी डॉक्टरांची गाडी येते, ती हीच. दात, डोळे, हृदय याबरोबर ज्या तीस गोष्टी त्यांनी तपासायच्या, त्यांत एडीएचडीचं नाव आहे. अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांना तिथून जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवता येतं. गाडीतल्या डॉक्टरांना घाई असते. म्हणून आईनं स्वतः जाऊन सांगायचं, ‘याचं लक्ष टिकत नाही, हे तपासा.’

एक अडचण आहे. २०१६ च्या अपंगांच्या हक्कांच्या कायद्यात एकवीस प्रकार आहेत. त्यांत स्वमग्नता आहे, वाचन-लेखनाची अक्षमता आहे, एडीएचडी वेगळी नाही. वाचन-लेखनात अडचण असलेल्या मुलांना महाराष्ट्रात १९९६ पासून परीक्षेत सवलती मिळू लागल्या. एडीएचडीच्या पुष्कळ मुलांना तीही अडचण असते, म्हणून दोन्हींची तपासणी एकदमच मागा, आणि दहावीचा फॉर्म भरायची वाट बघू नका. मन मोकळं करायला आणि कुठं जायचं ते विचारायला सरकारचा टेली-मानसचा नंबर आहे, १४४१६. फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

अजून एक गोष्ट सांगायची राहिली. एडीएचडी असलेल्या तरुण मुलांचे गाडीचे अपघात जास्त होतात, हे बऱ्याच अभ्यासांत दिसलंय. आपल्याकडे दहावीचं पोरगं मोटारसायकल घेऊन डेअरीला दूध घालायला जातं. लायसन नसताना ती कुणाच्याच पोराला देऊ नये. यांच्याबाबतीत तर मुळीच नको.

परवा त्या ताई पुन्हा आल्या. या वेळी त्यांचे मालकही होते, पण ते आत येईनात, बाहेर लिंबाखाली गाडीपाशी उभे. मी चहा घेऊन बाहेर गेले. मुलाच्या वह्या, मास्तरांच्या तक्रारी असं थोडं बोलणं झालं. मग ते खाली बघत म्हणाले, “मॅडम, मी बी शाळेत असाच होतो. सातवीत सोडली. माझा बाप बांधून मारायचा.” मी विचारलं, “त्यानं लक्ष लागायचं का?” ते काही बोलले नाहीत.

ताईंनी सांगितलं, मारणं अजून पुरतं थांबलेलं नाही, पण कमी झालंय. चाचणीत गणितात पोरगं पुन्हा नापास झालंय. गोळी सुरू करायची की नाही हे पुढच्या तारखेला डॉक्टर सांगणार आहेत. गटातल्या आणखी दोघी म्हणाल्या, आमच्यात पण असंच आहे, तेव्हा हप्ता झाला की अर्धा तास थांबायचं ठरवलंय. आणि गाडीची चावी आता खुंटीवर नसते. ताईंनी पिशवी उघडून दाखवली, केसपेपरच्या घडीत ठेवलेली.